आईसाठी बांधलेली गाडी

माझ्या जन्माच्या वेळी आईला काहीतरी झालं आणि ते पुढे वीस-एकवीस वर्षं तसंच राहिलं. तिला लघवी धरून ठेवता येत नसे. अर्ध्या-पाऊण तासाने जावंच लागे. शिंक आली, पाण्याची बादली उचलली, तरी पंचाईत व्हायची. आज मी हे असं सरळ लिहू शकते. आमच्या घरात ते कधी कोणी उच्चारलं नाही. ‘आईला प्रवास सोसत नाही’ एवढंच आम्ही म्हणायचो. कुणाचं लग्न असलं की बाबा आणि मी जायचो, आणि आई का आली नाही असं विचारलं की मी ठरल्याप्रमाणे सांगायचे, “तिला गाडी लागते.”

आम्ही नाशिकला हिरावाडीत राहायचो. बाजार, देऊळ, माझी शाळा, मखमलाबादला मामाचा भाजीचा मळा, एवढ्या परिघात आई फिरायची. प्रत्येक ठिकाणी कुठे जाता येतं हे तिला ठाऊक होतं. त्यापलीकडे जायची वेळ आलीच तर ती आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायची. दिवसभर ओठ कोरडे घेऊन हसत हिंडायची आणि परत आल्यावर दोन दिवस तापाने पडायची. एकदा, मी लहान असताना, ती रेल्वेने निघाली होती. रेल्वेत सोय असते म्हणून धीर केला. पण डब्यात इतकी माणसं शिरली की संडासाच्या दारापर्यंत लोक बोचक्यांवर बसलेले. पाच-सहा तास तिला जागेवरून उठता आलं नाही. त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. तिची साडी आल्याबरोबर मोरीत भिजत पडलेली मात्र मला आठवते. त्यानंतर तिने रेल्वेचं नाव काढलं नाही.

तिची सख्खी धाकटी बहीण, माझी मावशी, विशाखापट्टणमला राहायची. काका तिथे बंदरात नोकरीला. दर मे महिन्यात मावशी मुलीला घेऊन आमच्याकडे यायची आणि जाताना दरवर्षी म्हणायची, “ताई, एकदा तरी माझं घर बघून जा गं.” आई दरवर्षी म्हणायची, “येते की पुढच्या वर्षी.” अठरा वर्षं हे चाललं होतं.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्याचं काम करत. विमानाच्या अंगावरचे पत्रे कापायचे, वाकवायचे, रिव्हेट मारायचे. बोलणं कमी. एखादी गोष्ट आवडली की बोटाने ठोकून बघायची सवय. घरातली कपाटं, पाहुण्यांच्या सुटकेसा, काहीही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्याच उन्हाळ्यात मावशी पत्रिकेचा मसुदा घेऊन आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, डिसेंबरात, विशाखापट्टणमला. आईने मसुदा दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मावशी गेल्यानंतर आठवड्याभरात बाबांनी एक जुनी मिनीबस आणली. शाळेची मुलं वाहून वाहून थकलेली, पिवळा रंग पोपडे धरलेला. ती त्यांनी मामाच्या मळ्यात, भाजीच्या पेट्या ठेवायच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. सीटं उपटली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचे तेव्हा बाबा आत उकिडवे बसून खडूने जमिनीवर रेघा मारत असायचे. इथे पलंग, इथे शेगडी, इथे भांडी. आणि मागच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात काहीच लिहिलेलं नाही.

त्या चौकोनात काय येणार हे मामाच्या लक्षात सगळ्यात आधी आलं. तो पाटाचं पाणी सोडून आला होता, पाय चिखलाचे, तसाच दारात उभा राहिला.

“दाजी, येड लागलं का तुमाला? गाडीत कोनी संडास करतं का?”

“करतात,” बाबा म्हणाले. “विमानात असतो.”

“इमान वर आसतं ना पन. हे रस्त्यावर पळनार. लोक काय म्हनतील?”

“म्हणू दे.”

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला काहीतरी उमजलं. आई त्याचीही बहीणच होती. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन फवारणीच्या पंपाचा जुना पाइप आणि पाण्याची काळी टाकी आणून दिली.

सहा महिने ते काम चाललं. टपावर पाण्याची टाकी, मागे पत्र्याची खोली, तिला कडी, बाजूच्या भिंतीत उजेडासाठी दुधी प्लास्टिकची खिडकी, खाली मैल्याची टाकी आणि ती रिकामी करायला एक झडप. त्याच महिन्यांत मी मळ्याच्या रस्त्यावर ती गाडी चालवायला शिकले. क्लच इतका कडक होता की डावा पाय संध्याकाळी थरथरायचा. गाडीची नोंद बदलायला बाबा आरटीओत गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, “हे वाहन म्हणजे नक्की काय आहे?” बाबांनी बराच विचार करून उत्तर दिलं, “घर.”

आईला शेडमध्ये आणलं तेव्हा ती गाडीत चढली, शेगडी पाहिली, पलंगावर हात फिरवला. मागच्या खोलीचं दार बाबांनी उघडून दाखवलं. तिने आत एक नजर टाकली.

“छान केलंय,” ती म्हणाली. आवाज असा, जणू शेजारणीची नवी साडी बघतेय.

बाबांना तेवढं पुरलं. मला नाही पुरलं. पण का, ते कळत नव्हतं.

लग्नाच्या सहा दिवस आधी आम्ही सकाळी निघालो. चार दिवसांत पोहोचू, दोन दिवस हाताशी राहतील, असा बाबांचा हिशेब. येवला मागे पडलं आणि वैजापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वडाची झाडं लागली. बाबांनी गाडीची रुंदी मोजली होती, लांबी मोजली होती, टपावरच्या टाकीसकट उंचीही मोजली होती. पण टाकीच्या वर आलेला पाइप मोजायचा राहिला होता. एका वाकलेल्या फांदीने तो छतातल्या जोडापासून उपटला. आधी टपावर धाडकन आवाज झाला आणि मग सगळं पाणी छताच्या भोकातून थेट पलंगावर. आई पलंगावरच बसली होती.

आम्ही खाली उतरलो. गादी, उशा, लग्नाच्या आहेराच्या साड्या, सगळं चिंब. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून वर बघत होते. फांदीकडे बघत होते की टाकीकडे, ते सांगता येत नव्हतं. आईने पदर खोचला, गादीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून पिळायला लागली. तिथल्या शेतकऱ्याच्या तारेच्या कुंपणावर आमच्या साड्या वाळत पडल्या. बाबांनी पाइप कापून, टोक ठोकून, रबराची पट्टी गुंडाळून बसवला. त्यात अख्खी दुपार गेली.

“अगं, मापात चुकलं,” बाबा आईला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकत होते.

“वाळेल,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वसमतच्या अलीकडे फॅनबेल्ट तुटला. इंजिनातून वाफ निघायला लागली तशी बाबांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. ते झाकण गरम असताना उघडायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तीस वर्षं यंत्रांत वावरलेला माणूस. पण आदल्या दिवसाची दुपार त्यांच्या डोक्यात बसली होती, गेलेले तास भरून काढायचे होते. उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं. ते ओरडले नाहीत. नुसते खाली बसले आणि हात समोर धरून त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

एका जीपवाल्याने त्यांना आणि आईला पुढच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. मी गाडीपाशी थांबले. मेकॅनिक येऊन नवा बेल्ट बसवून गेला तोवर ते परत आले. बाबांचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

“परत फिरू या,” आई म्हणाली.

बाबा माझ्याकडे बघत होते. “जमेल तुला?”

मखमलाबादच्या मळ्याचा रस्ता आणि गंगापूर रोड, एवढाच माझा अनुभव. पण मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती गाडी आवडायला लागली होती.

म्हणून मग मी चालवायला बसले आणि बाबा पहिल्यांदाच मागे, आईशेजारी. दोन दिवस ते पुढे बसून इंजिन ऐकत होते. मागे काय ऐकू येतं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. भांडी आदळत होती. शेगडीची झाकणं नाचत होती. आणि प्रत्येक खड्ड्याला त्या पत्र्याच्या खोलीचं दार खडखड वाजत होतं. नांदेड मागे पडलं, मग आंध्रची हद्द लागली. तीन-साडेतीन तास झाले असतील. आरशात मला दिसत होतं, बाबा घड्याळ बघत होते, मग आईकडे, मग त्या दाराकडे.

“तुला जायचं नाही?” त्यांनी विचारलं.

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

“अगं, तुला विचारतोय.”

“सकाळी पंपावर जाऊन आले.”

“पंपावर? आणि हे?”

बाबांनी शेजारची पाण्याची बाटली उचलली. ती भरलेलीच होती. कालपासून तीच बाटली तशीच भरलेली होती.

मग आई बोलली. माझ्याकडे पाठ करून, अगदी हळू; पण गाडी मी झाडाखाली थांबवली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“तुम्ही दोघं दोन हातांवर बसलेले. पत्र्याचा आवाज होतो, बारीक आवाजसुद्धा घुमतो आत. आणि काल संध्याकाळी लेक आत गेली होती ना दिवा लावून, मी बाहेर होते. त्या दुधी खिडकीतून तिची सावली दिसत होती. उठताना, बसताना. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी.” ती थांबली. “तुम्ही एवढं केलंत. कसं सांगणार?”

मला लाज वाटली. माझी सावली दिसली होती म्हणून नव्हे. सहा महिने आम्ही तिघं-चौघं त्या खोलीभोवती राबलो, आणि जिच्यासाठी ती खोली, तिला कुणी एकदाही विचारलं नाही की तुला कशी हवी. आम्ही तिच्याशी त्या विषयावर बोलायचं टाळूनच तिच्यासाठी गाडी बांधली होती.

बाबांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, “पुढच्या गावात थांब.”

तिथे त्यांनी डाव्या हाताने आणि माझ्या दोन हातांनी काम केलं. खिडकीवर पत्रा ठोकला. दाराच्या चौकटीला जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. आतून चादर दुहेरी करून लावली. मग ते आईला म्हणाले, “आता तू आत जा. मी बाहेर उभा राहतो, ऐकू येतं का बघतो.”

“शी! काहीतरीच काय,” आई म्हणाली आणि लाजेने लाल झाली. मग हसायला लागली. “तुम्ही दोघं चहा प्यायला जा. लांबच्या टपरीवर.”

आम्ही गेलो. परत आलो तेव्हा ती ग्लासातून पाणी पीत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही निजामाबादच्या पुढे गेलो. चौथ्या दिवशी सकाळी, करीमनगर ओलांडल्यावर, एका नदीच्या पुलाअलीकडे रांग लागलेली दिसली. कापसाच्या गाठी भरलेला ट्रक पुलावर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना बसगाड्या, जीपा, ट्रक. मागून आणखी येत राहिले, आणि तासाभरात पुढे-मागे कुठे सरकायची सोय उरली नाही.

रस्ता बांधावरून जाणारा. खाली दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, कापणी झालेली, सपाट. झुडूप म्हणून नाही. पुरुष उतारावर उतरून, पाठ फिरवून मोकळे होत होते. बायका बसमध्ये बसून होत्या किंवा बसच्या सावलीला, पदर डोक्यावर घेऊन. दहा वाजले, अकरा वाजले.

आई दारात बसून बघत होती. एक पोटुशी बाई रांगेच्या एका टोकाकडे चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. कडेला थांबून खाचरांकडे बघायची आणि फिरायची. तिसऱ्या खेपेला आई उठली. खाली उतरली, त्या बाईच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिचा हात धरला. बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली. आईला त्यातलं अक्षर कळलं नसणार. तिने नुसती मान हलवली, तिला गाडीपाशी आणलं, पायऱ्या चढवल्या, ते दार उघडून दाखवलं आणि बाहेरून लावून घेतलं.

ती बाई बाहेर आली तेव्हा रडत होती. आईचे दोन्ही हात कपाळाला लावून गेली. आणि पाच मिनिटांत आणखी तिघींना घेऊन आली.

“अहो, तुम्ही तिकडे त्या दगडावर जाऊन बसा,” आई बाबांना म्हणाली. “पुरुषांना इकडे फिरकू देऊ नका. आणि तू,” माझ्याकडे वळून, “बादल्या घे. खालच्या पाटातून पाणी आण.”

मी आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी बादल्या उचलल्या. बाबा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दगडावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. कोणी पुरुष कुतूहलाने जवळ आला की डावा हात वर करून त्याला परत पाठवत. बायका येत राहिल्या. म्हाताऱ्या, शाळेच्या मुली, एक नवरी हळदीच्या अंगाची. ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी हे आई पहिल्या अर्ध्या तासात शिकली आणि दिवसभर तोच एक शब्द वेगवेगळ्या सुरांत वापरत राहिली.

त्यातच एक पन्नाशीची बाई आली, जाड चष्मा, पांढरी साडी. हैदराबादला परिचारिका होती, हिंदी बोलायची. ती बाहेर आल्यावर गेली नाही. आईशेजारी पायरीवर बसली. तेवढ्या वेळात आई स्वतः दोनदा आत जाऊन आली होती.

“आपको भी तकलीफ है?” तिने विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी बादली घेऊन तिथेच उभी होते. मला वाटलं ती आता ‘नाही’ म्हणेल.

“बीस साल से,” आई म्हणाली.

“बच्चा होने के बाद?”

“हां. इसके टाइम.” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मला ते माहीत होतं आणि माहीत नव्हतं. बारा-तेरा वर्षांची असताना मामीच्या तोंडून अर्धवट ऐकलं होतं. पण आईने स्वतः ते बोट दाखवलं तेव्हा मला बादली खाली ठेवावी लागली.

परिचारिका मात्र सहज म्हणाली, “इसका तो इलाज होता है. मैंने खुद करवाया. छोटा ऑपरेशन. किसी ने बताया नहीं?”

“किसी को पूछा नहीं,” आई म्हणाली.

दोन वाजायच्या सुमाराला बाबांनी मला हाक मारली. “टाकी भरली असणार. एका माणसाच्या मापाने बनवली होती.” मी आईला सांगितलं, आता थांबवावं लागेल. दाराशी अजून वीस-पंचवीस जणी होत्या. आईने रांगेकडे पाहिलं.

“मग रिकामी करा,” ती म्हणाली.

बाजूला एक शेतरस्ता खाली पडीक तुकड्याकडे उतरत होता. पुढचा ट्रकवाला हातभर सरकला आणि मी गाडी त्या उतारावर घेतली, बायका मागोमाग चालत. एका बसच्या टपावर बांधकामावरच्या मजूर बायकांची फावडी आणि घमेली होती. त्या चौघींनी बघता बघता कमरेएवढा खड्डा खणला. माझ्याने दिवसभरात झाला नसता. मग मी गाडीखाली आडवी झाले. झडप हलेना. बाबा बाहेरून सांगत होते, डावीकडे फिरव, जोर लाव, घाबरू नको. ती एकदम सुटली. पुढचं मी लिहीत नाही. मी बाहेर आले तेव्हा त्या मजूर बायका पोट धरून हसत होत्या, आई हसत होती आणि बाबा माझ्याकडे बघायचं टाळत होते. त्या बायकांनीच माझ्या अंगावर पाटाचं पाणी ओतलं.

खड्डा बुजवला. उरलेल्या सगळ्या जाऊन आल्या. चारच्या सुमाराला पूल मोकळा झाला, हॉर्न वाजायला लागले, बायका आपापल्या बसकडे धावल्या. बघता बघता रस्ता रिकामा झाला. आणि आमची गाडी त्या ओल्या पडीक जमिनीत मागच्या दोन्ही चाकांनी रुतलेली.

ट्रॅक्टर मिळायला दुसरी सकाळ उजाडली. गाडी निघाली, पण ओढताना मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला. तो बांधून घेण्यात तो दिवस गेला आणि पुढचा अर्धाही. आम्ही विशाखापट्टणमला पोहोचलो तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची दुपार होती. मांडवाचे बांबू भिंतीला लावून ठेवलेले. नवरी सकाळच्या गाडीने सासरी गेली होती.

मावशी ओसरीवर उभी होती. आईला बघून तिचा चेहरा आधी कोरा झाला.

“अठरा वर्षांनी यायचं, आणि तेही मांडव उतरल्यावर!”

“अगं, वाटेत...” आई म्हणाली.

“आलीस ना पण,” मावशी म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

त्या सुलक्षणी पोरीचं लग्न आईला बघता आलं नाही, याचं तिला वाईट वाटलंच. पुढेही वाटत राहिलं. फोटोंचा अल्बम आला तेव्हा तो ती बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती. मी एकदा विचारलं, “आपण त्या शेतात उतरलो नसतो तर पोहोचलो असतो ना गं?”

“असतो,” आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्या पोटुशीला मी काय सांगणार होते?”

परत आल्यावर महिन्याभराने ती आपण होऊन मला म्हणाली, “माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील?” कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी तपासलं, चार प्रश्न विचारले. होण्यासारखं आहे म्हणाल्या. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. बरं व्हायला दोन-तीन महिने लागले, पूर्ण पूर्वीसारखं झालं असंही नाही. पण तीन-चार तास ती निर्धास्त बसायला लागली. घरी आणायच्या दिवशी बाबा डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, “हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी आणलं असतं तर?”

“तेव्हाही झालं असतं,” त्या म्हणाल्या.

बाबा मान हलवून बाहेर आले. बाकावर बसले. भिंतीवरच्या पत्र्याच्या पाटीला बोटाने ठोकत राहिले. “इतक्या सगळ्या वस्तू केल्या मी,” एवढंच म्हणाले. मी शेजारी बसले. मला त्यांच्यावर रागही येत होता आणि माया तर त्याहून जास्त. शिवाय मीही त्या घरात एकवीस वर्षं राहत होतेच की.

आणि मग अशी गंमत झाली की, त्रास गेल्यावर आम्हाला कळलं, आईला प्रवासाची फारशी हौसच नाही. बाबा नकाशे पसरून बसायचे, कन्याकुमारी, कच्छ. आई म्हणायची, “तुम्ही जाऊन या.” ती वर्षातून एकदा रेल्वेने बहिणीकडे जायची, महिनाभर राहायची, बस. हौस बाबांची होती. तिच्या आजाराच्या आडून ती हौसही बाहेर पडली होती, हे बहुधा त्यांनाही तेव्हाच उमगलं. माझं लग्न होईपर्यंत बाबा आणि मी दोन-तीनदा गेलो त्या गाडीतून. पुढे त्यांना जिना चढतानाही धाप लागायला लागली आणि गाडी मळ्यात उभी राहिली.

दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांत कधीतरी दिंडोरीकडचा एक द्राक्ष बागायतदार ती बघायला आला. मी त्या दिवशी माहेरी होते. बाबांनी त्याला तासभर सगळं दाखवलं. पाइप, झडप, वायरिंग. तो ऐकून घेत होता. त्याला मजूर ने-आण करायला गाडी हवी होती.

“मागची खोली काढून टाकीन म्हणतो,” तो म्हणाला. “तेवढीच चार मानसं जास्त बसतील.”

बाबा म्हणाले, “तुमची गाडी. तुम्हाला हवं तसं करा.”

आई शेडच्या दाराशी उभी होती. चहाचे कप तिच्या हातात होते.

“छाटणीला बाया येत असतील ना तुमच्याकडे?” तिने विचारलं.

“येतात ना. पन्नास-साठ.”

“त्या कुठे जातात?”

त्या माणसाला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर तो कानाच्या पाळीपर्यंत लाजला आणि कपाकडे बघत म्हणाला, “विचारलं नाय कधी, मावशी.”

“मग आधी त्यांना विचारा,” आई म्हणाली. “खोली नंतर काढा.”

तो हो म्हणाला. त्याने पुढे काय केलं, ते आम्हाला कळलं नाही.